पाऊण टक्का आणि साडेपाच तास: लॉगची एक नाशिककर गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा ज्यांचा इअरफोन सिटीलिंकच्या बसमध्ये हरवलाय, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा लेखी अवतार. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय. जिथे भरकटलो ते तसंच ठेवलंय.

आपला पॉडकास्ट इतिहासाचा, आणि आजचा विषय आहे नेटवर्क मॉनिटरिंगमधले लॉग आणि रिपोर्ट. थांबा, लगेच पुढे सरकवू नका. आज पांडवलेणी आहेत, सातवाहन आहेत, पुण्यातला बँकेवरचा दरोडा आहे. आणि एका पोराच्या पगारातून कापलेले पैसे आहेत. तिथूनच सुरुवात करतो.

पॉडकास्ट सुरू करण्याआधी मी नाशिकमधल्या एका लहान इंटरनेट पुरवठादाराकडे रात्रपाळीला होतो. काम म्हणजे दोन स्क्रीनकडे बघत बसायचं. एकीवर शहराचा नकाशा आणि त्यावर हिरवे ठिपके. ठिपका लाल झाला की समजायचं, तिथला स्विच आपल्या हाकेला ओ देत नाहीये. दुसऱ्या स्क्रीनवर लॉग, म्हणजे एकामागोमाग एक सरकणाऱ्या ओळी. कुठल्या मशिनवर, किती वाजता, काय झालं. पोर्ट बंद झाला. पोर्ट चालू झाला. पंखा बिघडला. कुणीतरी पासवर्ड चुकवला. पहिल्या आठवड्यात प्रत्येक ओळ वाचावीशी वाटते. दुसऱ्या आठवड्यात माणूस चहा पितो.

फील्डवर जाऊन फायबर जोडणारा एक पोरगा होता, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. पावसाळ्यात एका रात्री झाड पडून पंचवटीच्या बाजूची केबल तुटली. मी त्या दिवशी सुट्टीवर होतो. हा भिजत गेला, केबल जोडून आला, आणि महिनाअखेरीला रात्रीच्या कॉलचे जादा पैसे मागितले. ऑफिसने सॉफ्टवेअरमधून रिपोर्ट काढला. त्यात लिहिलेलं: लिंक डाऊन १६:०५, लिंक अप १७:२०. म्हणजे दुपारी चारनंतर तुटली आणि संध्याकाळी पाच वीसला जोडून झाली. मग रात्रीचं काम कुठलं? त्याने खूप सांगितलं, रात्री अकराच्या आसपास घरी पोहोचलो, आईला विचारा. पण रिपोर्टला आई नसते. ‘मशीन कशाला खोटं बोलेल?’ असं त्याला सांगण्यात आलं. पैसे मिळाले नाहीतच, वर खोटा क्लेम केला म्हणून लेखी ताकीद मिळाली.

मशीन खोटं बोललं नव्हतं, हेही खरं. मग घोळ कुठे झाला? त्यासाठी आधी डोंगर चढावा लागेल.

पांडवलेणी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलीत. शाळेच्या सहलीत किंवा सकाळच्या व्यायामाला. शहरापासून साधारण आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगतचा त्रिरश्मी डोंगर, पायथ्याशी फाळके स्मारक, वर २४ लेणी. लोक चढतात, दम खातात, मूर्तीजवळ फोटो काढतात आणि उतरतात. भिंतीवरची अक्षरं फारसं कुणी बघत नाही. मीही बघत नव्हतो. पण १० नंबरच्या लेण्याच्या व्हरांड्यात ब्राह्मी लिपीत जे कोरलंय, ते पहिल्यांदा भाषांतरातून वाचलं तेव्हा मला रात्रपाळीची दुसरी स्क्रीन आठवली.

हे लेणं क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं. काळ साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. त्यातल्या एका लेखात तो सांगतो, की ४२ व्या वर्षी, वैशाख महिन्यात, हे लेणं मी भिक्षुसंघाला दिलं. सोबत ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून दिले. ते गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघटनांकडे, व्याजाने ठेवलेत. (गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूर रोडच्या बाजूचंच गाव, लेखांमध्ये ते आहाराचं, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचं, ठिकाण म्हणून येतं.) एका श्रेणीकडे २०००, महिना शेकडा एक दराने. दुसऱ्या श्रेणीकडे १०००, महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० वरच्या व्याजातून पावसाळ्यात इथे राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण कपड्यांसाठी द्यायचे.

इथे जरा मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा. २००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०. वर्षाला २४०. आता २० भिक्षू गुणिले १२. तेही २४०. हिशोब पैशाला पैसा जुळतो. एकोणीसशे वर्षांनी, नहपान नाही, विणकर नाहीत, भिक्षू नाहीत, आणि तरी मी घाटावर बसून तो ताळा करून बघू शकलो. का? कारण नोंदीत रक्कम आहे, दर आहे, तारीख आहे, कुणाकडे ठेवली ते आहे, कुणासाठी ते आहे. एकही रकाना रिकामा नाही. शिवाय तो ‘पाऊण’. मूळ प्राकृतात शब्द आहे ‘पायून’. पाऊण किलो भेंडी मागताना आपण नाशिकच्याच भिंतीवरचा शब्द वापरत असतो, हे कळल्यावर मी दोन दिवस भाजीवाल्याकडे उगाचच पाऊण पाऊण करत होतो.

पण मला त्या लेखातली सगळ्यात आवडती गोष्ट हिशोबानंतर येते. उषवदात सांगतो, की हे सगळं निगमसभेत ऐकवलंय आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवलंय. म्हणजे दगडावरचा लेख ही एकमेव नोंद नव्हतीच. गावाच्या सभेत चारचौघांनी ऐकलेली एक साक्ष होती, फळ्यावरची एक दफ्तरी नोंद होती, आणि डोंगरावर ही तिसरी. विणकरांनी उद्या म्हटलं असतं की आमच्याकडे पंधराशेच आले, तर बघायला दुसरी जागा होती. भिक्षूंनी म्हटलं असतं की दोन नाही, तीन हजारांवर शेकडा एक ठरलं होतं, तरी दुसरी जागा होती. नोंद कितीही टिकाऊ असली तरी एकट्या नोंदीवर भागत नाही, हे या माणसाला ठाऊक होतं. फळे कधीच गेले. दगड राहिला. त्यानेच फळ्यांची आठवण ठेवली.

या लेखांचं वाचन पंडित भगवानलाल इंद्रजींनी केलं, ते मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या १८८३ च्या नाशिक खंडात आलं. पुढे फ्रेंच अभ्यासक एमिल सेनार यांनी ते ‘एपिग्राफिया इंडिका’मध्ये पुन्हा संपादित केले. लेण्यांवर एक वेगळा भाग करायचाय, म्हणून इथे आवरतो.

आता ‘लॉग’ हा शब्द कुठून आला? लाकडाच्या ओंडक्यावरून. जहाज किती वेगाने चाललंय हे मोजायला खलाशी लाकडाचा तुकडा दोरीला बांधून पाण्यात टाकायचे. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी. ठरावीक वेळात किती गाठी हातातून सुटल्या, ते मोजून वहीत लिहायचं. म्हणून ती वही लॉगबुक, आणि जहाजाचा वेग अजूनही ‘नॉट’ म्हणजे गाठींत. पण हा शब्द उसना असला तरी वस्तू आपल्याला परकी नाही. आपल्याकडे तिला रोजकीर्द म्हणतात. जे घडलं ते, ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने, त्याच दिवशी लिहायचं. पेशवे दप्तरातले असे रोजकीर्दीचे कागद पुण्याच्या पुरालेखागारात आजही आहेत. रोजकीर्दीवरून मग खतावणी काढायची. तिच्यात तारखेची रांग मोडते आणि खात्यांची रांग लागते: अमक्याचं येणं किती, तमक्या कामावर खर्च किती.

लॉग म्हणजे रोजकीर्द. रिपोर्ट म्हणजे खतावणी. कुठल्याही मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचं मॅन्युअल वाचताना एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धी लढाई जिंकली. रोजकीर्दीत सगळं असतं पण दिसत काही नाही. खतावणीत दिसतं छान, पण काय वगळायचं हे कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं. वाद झाला की जुना मुनीम खतावणी मिटवून रोजकीर्द उघडायचा. आमच्या ऑफिसने ते केलं नाही.

कॉम्प्युटरकडे येतो. आज जगभरचे राउटर, स्विच आणि सर्व्हर ज्या पद्धतीने लॉग पाठवतात तिचं नाव सिसलॉग. एरिक ऑलमन या प्रोग्रामरने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत, सेंडमेल या आपल्या ईमेलच्या प्रोग्रामसाठी ती केली. बाकीच्या प्रोग्रामवाल्यांना ती सोयीची वाटली आणि ती पसरली. त्याचा प्रमाण म्हणून मसुदा नंतर बऱ्याच वर्षांनी लिहिला गेला, २००१ मध्ये एक आणि २००९ मध्ये सुधारलेला. आधी रूढी, मग नियम. सिसलॉगमध्ये प्रत्येक ओळीला ० ते ७ असा गांभीर्याचा आकडा असतो. ० म्हणजे घर पेटलंय, ७ म्हणजे भिंतीवर मुंगी दिसली. आकडा लहान तितकं संकट मोठं. नवखा माणूस हमखास उलटं समजतो, मीही समजलो होतो.

जुन्या पद्धतीच्या सिसलॉगची एक खोड सांगायला हवी. त्यात पोचपावती नसते. साध्या पोस्टकार्डासारखं असतं: स्विचने टाकलं, पोहोचलं तर पोहोचलं. त्यामुळे लॉगमध्ये ओळ नाही, याचा अर्थ तसं घडलंच नाही असा होत नाही.

म्हणून मॉनिटरिंगमध्ये दोन वाटा असतात. एका वाटेने मशीन स्वतःहून सांगतं, तो लॉग. दुसऱ्या वाटेने आपण जाऊन विचारतो. ‘आहेस का?’ विचारणारा पिंग नावाचा छोटा प्रोग्राम अमेरिकेत माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. ‘आहेस, पण कसा आहेस? किती डेटा गेला, मेमरी किती भरली?’ हे विचारण्याची पद्धत, एसएनएमपी, १९८८ ची. या दोन्ही वाटांनी आलेली माहिती वेगवेगळी साठते. दोन्ही जुळल्या तर ठीक. जुळल्या नाहीत तर खरी गोष्ट तिथेच कुठेतरी असते.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे ७५ सेंट. क्लिफर्ड स्टोल हा खगोलशास्त्रज्ञ. संशोधनाचा निधी संपला म्हणून बर्कलीच्या प्रयोगशाळेत कॉम्प्युटर सांभाळायच्या कामाला लागलेला. १९८६ च्या ऑगस्टमध्ये त्याला सांगितलं, की कॉम्प्युटर वापरण्याच्या बिलात ७५ सेंटची तफावत येतेय, बघ जरा. तिथे वापराच्या नोंदी ठेवणाऱ्या दोन वेगळ्या यंत्रणा होत्या आणि त्यांचे आकडे जुळत नव्हते. पाऊण डॉलर. (हो, इथेही पाऊणच, मी मुद्दाम जुळवलेलं नाही.) दुसरा कुणी असता तर खिशातून भरून मोकळा झाला असता. हा शोधत गेला. त्याने आजूबाजूच्या टेबलांवरचे प्रिंटर गोळा केले आणि बाहेरून येणाऱ्या टेलिफोन लाइनींना जोडले. घुसखोर जी बटणं दाबेल ती कागदावर उमटत राहतील अशी सोय केली. कॉम्प्युटरमधली फाइल घुसखोर पुसू शकतो, पण दुसऱ्या खोलीतला कागद कसा पुसणार? मागोवा निघाला तो थेट जर्मनीतल्या हानोव्हर शहरापर्यंत. मार्कुस हेस नावाचा माणूस अमेरिकन लष्करी कॉम्प्युटरांमधली माहिती काढून सोव्हिएत गुप्तहेरांना विकणाऱ्या टोळीत होता.

ज्या मशिनचा लॉग आहे त्याच मशिनवर तो ठेवू नका, वेगळ्या सर्व्हरवर पाठवा, असं आज प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतात. स्टोलने ते प्रिंटर लावून केलं. उषवदाताने फळा आणि डोंगर वापरून.

रिपोर्टची गोष्ट जरा वेगळी आहे. १९९५ साल. आपल्याकडे १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्याच वर्षी इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात टोबियास ओटिकर हा तरुण एका विद्यापीठात काम करत होता. अख्ख्या विद्यापीठाला बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन होती ६४ केबीपीएस. तुमच्या फोनवर डेटा पॅक संपल्यावर जी रडकी गती मिळते ना, साधारण तीच. लाइन किती भरलीय हे सगळ्यांना दिसावं म्हणून त्याने एमआरटीजी हा प्रोग्राम लिहिला. दर पाच मिनिटांनी राउटरला विचारायचं आणि आलेख काढून वेब पेजवर लावायचा. पुढची कित्येक वर्षं जगातल्या निम्म्या नेटवर्कवाल्यांच्या भिंतीवर तो हिरवा-निळा आलेख होता, असं म्हटलं तरी फार अतिशयोक्ती होणार नाही.

पण त्या आलेखात एक मेख आहे, आणि आजच्या महागड्या सॉफ्टवेअरांमध्येही ती आहेच. डिस्क भरू नये म्हणून जुनी माहिती सरासरी काढून साठवतात. रोजच्या आलेखात पाच मिनिटांचा ठिपका. आठवड्याच्या आलेखात अर्ध्या तासाची सरासरी. महिन्याच्या आलेखात दोन तासांची. वर्षाच्या आलेखात अख्ख्या दिवसाचा एक ठिपका. आता समजा, परवा रात्री लाइन ४० मिनिटं पूर्ण बंद होती. रोजच्या आलेखात मोठा खड्डा दिसेल. वर्षाच्या आलेखात त्या दिवसाचा ठिपका जेमतेम तीन टक्क्यांनी खाली. कुणी खोटं बोललं नाही, कुणी काही पुसलं नाही, आणि तरी घटना गायब.

तसंच ते ‘९९.९ टक्के अपटाइम’. ऐकायला किती भारी. ३० दिवसांच्या महिन्यात उरलेला एक दशांश टक्का म्हणजे ४३ मिनिटं. ही ४३ मिनिटं पहाटे तीनला गेली की भर दुपारी ऑनलाइन परीक्षेच्या वेळी, हे टक्केवारी सांगत नाही. आम्ही दर महिन्याला ग्राहकांना असा रिपोर्ट पाठवायचो. रंगीत असायचा. उघडून वाचणारा एक भेटला नाही.

आता पुण्यातला दरोडा. कॉसमॉस बँक, मुख्यालय गणेशखिंड रस्त्यावर, स्थापना १९०६ ची. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. दोन-सव्वादोन तासांत जगातल्या २८ देशांमधल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले, परदेशात साधारण ७८ कोटी आणि भारतात अडीच कोटी. कोल्हापूरच्या एटीएममधूनही. मग १३ ऑगस्टला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय पैसे पाठवण्याच्या यंत्रणेतून आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींवर.

हे कसं जमलं ते आपल्या विषयाच्या दृष्टीने नीट ऐका. तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालता तेव्हा बँकेच्या मुख्य यंत्रणेला विचारणा जाते: खात्यात पैसे आहेत का, देऊ का? ती विचारणा पुढे नेणाऱ्या यंत्रणेला स्विच म्हणतात (माझ्या नकाशावरच्या ठिपक्यांपेक्षा हा वेगळा). चोरांनी मालवेअर घालून खऱ्या स्विचशेजारी एक बनावट स्विच उभा केला. बनावट कार्डांच्या विचारणा त्या बनावट स्विचकडे गेल्या आणि तोच परस्पर ‘हो, द्या’ म्हणाला. बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत प्रश्न पोहोचलाच नाही. म्हणजे त्या यंत्रणेचा लॉग त्या वेळी कुणी डोळ्यांत तेल घालून वाचत बसलं असतं, तरी तिथे काय दिसलं असतं? काहीच नाही. शांत शनिवार. खुणा होत्या त्या दुसऱ्या बाजूला, कार्डांचे व्यवहार जुळवणाऱ्या व्हिसासारख्या कंपन्यांच्या नोंदींत. जे व्यवहार तिकडे झालेले दिसत होते ते इकडे नव्हतेच.

मला हा प्रसंग स्टोलच्या ७५ सेंटचा मोठा भाऊ वाटतो. फरक एवढाच, की तिथे दोन वह्या कुणीतरी वेळेवर शेजारी ठेवून बघितल्या. इथे त्या ताडून बघायला जेवढा वेळ लागतो तेवढाच चोरांना पुरला. पुढे एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना शिक्षा सुनावली. ही मंडळी एटीएमसमोर उभी राहून पैसे काढणाऱ्यांच्या साखळीतली.

आता परत आमच्या पोराकडे. दुसऱ्या दिवशी कामावर आलो, तेव्हा तो ताकीदपत्र घेऊन बसलेला. मी रिपोर्ट बघितला. १६:०५, १७:२०. मग सहज तक्रारींची वही उघडली, तीच, फोन आला की पेनाने लिहायची. पंचवटीचा पहिला फोन रात्री ९:४०. दुपारी चारला लिंक गेली आणि पंचवटीतला माणूस रात्री पावणेदहापर्यंत गप्प बसला? ओटीटी लावणारी, गेम खेळणारी अख्खी सोसायटी? शक्यच नाही. मग पिंगच्या नोंदी काढल्या, त्या आपल्या सर्व्हरच्या घड्याळाच्या. त्यात लाल ठिपका ९:३५ च्या सुमाराला सुरू आणि १०:५० च्या सुमाराला संपलेला. म्हणजे २१:३५ आणि २२:५०. रिपोर्टमधल्या वेळा त्यातून वजा करा.

साडेपाच तास. दोन्हीकडे बरोबर साडेपाच तास.

तो स्विच नुकताच बदललेला होता. त्याचं घड्याळ इंटरनेटवरून वेळ जुळवण्याच्या एनटीपी पद्धतीवर लावलेलं, आणि ते अगदी सेकंदाबरहुकूम बरोबर चालत होतं. फक्त ते ग्रिनिचच्या वेळेवर होतं. एनटीपी वेळ देतं ती अशीच, जागतिक. भारतासाठी त्यात साडेपाच तास मिळवायचे हे स्विचला वेगळं सांगावं लागतं, आणि ते कुणी सांगितलंच नव्हतं. रिपोर्ट काढणाऱ्या सॉफ्टवेअरने ओळीवरची वेळ जशीच्या तशी उचलली. तीच ओळ आमच्या सर्व्हरवर किती वाजता पोहोचली हेही कच्च्या लॉगमध्ये होतं, फक्त रिपोर्टच्या साच्यात तो रकाना घेतलेला नव्हता.

वेळेचा हा घोळ आपल्याला नवा नाही म्हणा. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबईने आपली स्थानिक ‘बॉम्बे टाइम’ कित्येक वर्षं सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. मुंबईच्या महापालिकेची घड्याळंही बराच काळ त्या वेळेवर होती. त्या काळातली जुनी नोंद वाचताना अभ्यासकाला आधी विचारावं लागतं, की हे सव्वापाच कुणाचे? आज आपण स्विचला तेच विचारतो. आता सरकारनेही ते लिहून दिलंय. देशाची सायबर सुरक्षा बघणाऱ्या ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले: सगळ्या यंत्रणांची घड्याळं सरकारी वेळेच्या सर्व्हरशी जुळवा, लॉग १८० दिवस जपून ठेवा, ठरवून दिलेल्या प्रकारची सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत आम्हाला कळवा. यातला १८० दिवसांचा नियम सगळ्यांच्या तोंडी असतो. घड्याळाचा कलम मात्र लोक विसरतात. आणि घड्याळ जुळलं तरी साडेपाच तास आपले आपणच मिळवायचे असतात.

मी तिन्ही नोंदी शेजारी शेजारी छापून वर नेल्या. साहेबांनी बघितलं, मान हलवली, अकाउंटवाल्यांना सांगून पैसे मिळवून दिले. माणूस वाईट नव्हता. मग त्यांनी ते ताकीदपत्र मागून घेतलं आणि फाडून केराच्या टोपलीत टाकलं. विषय संपला, म्हणाले. पोरगा म्हणाला, ‘सर, फाडायचं नव्हतं. चूक झाली होती असं त्याच्यावरच लिहून सही करून द्यायला हवं होतं.’ साहेबांना कळेना, याला अजून काय पाहिजे.

मला तेव्हा कळलं नव्हतं. कळलं ते ३ नंबरच्या लेण्याच्या व्हरांड्यात, बऱ्याच वर्षांनी. नहपानाचा पाडाव करणारा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, त्याच्या १८ व्या वर्षाचा लेख तिथे आहे. गोवर्धनातल्या अमात्याला आज्ञा: पश्चिमेकडच्या काखडी गावातलं शेत, आजवर ऋषभदत्ताकडे असलेलं (हा म्हणजे आपला उषवदातच), २०० निवर्तनं, ते त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना दिलंय. निवर्तन हे जमिनीचं माप. पुढे २४ व्या वर्षाचा लेख. राजा आणि राजमाता कळवतात, की आम्ही पूर्वी काखडी गावात शेत दिलं होतं, पण ते शेत कसलं जात नाही आणि गावात वस्तीही नाही. तेव्हा आता नगराच्या हद्दीवरच्या आमच्या राजकीय शेतातून १०० निवर्तनं देतो.

म्हणजे राजाचं दान ओसाड गावात गेलं होतं. सहा वर्षांनी चूक दुरुस्त केली. हुकूम तोंडी कुणी पोहोचवला, दस्त कधी झाला, हेसुद्धा लिहिलं. आणि पहिला लेख छिन्नीने उडवला नाही. दोन्ही आहेत. कुणीही जाऊन बघावं, की राजाने आधी काय दिलं होतं, ते का फसलं आणि मग काय दिलं. याच गौतमीपुत्राने नहपानाची चांदीची नाणी गोळा करून त्यांच्यावर आपला ठसा मारला होता. १९०६ मध्येच, आपल्या जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथे अशा नाण्यांचा साठा सापडला. १३ हजारांहून जास्त नाणी, त्यातल्या नऊ हजारांवर नवा ठसा. पण ठशाखाली नहपानाचा चेहरा कित्येक नाण्यांवर अजून ओळखू येतो.

त्या पोराने दोन महिन्यांत नोकरी सोडली. नव्या ठिकाणी अर्ज करताना जुन्या ऑफिसकडून चौकशी झाली तेव्हा कुणीतरी सांगितलं, ‘हो, त्याच्या एका क्लेमचं काहीतरी झालं होतं.’ काय झालं होतं ते सांगणारा कागद राहिलाच नव्हता. हे मला त्यानेच सांगितलं, कॉलेज रोडवर चहा पिताना, अगदी हसत हसत. नोकरी मात्र मिळाली त्याला. आता तो रात्रपाळीला दुसरीकडे दोन स्क्रीनसमोर बसतो, आणि नवीन स्विच लागला की सगळ्यात आधी त्याचं घड्याळ बघतो.

पुढच्या भागात पेशवे दप्तर. आज ज्या रोजकीर्दीवरून पटकन पुढे गेलो, तिथेच जरा निवांत बसू. भेटूच.